सहा माणसं, एक ट्रेलर आणि दाराच्या चौकटीवरचं स्टिकर

सप्टेंबर २०२४. शनिवारी दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला. मागे लाउडस्पीकर आणि गर्दीचा गलका. "दादा, आम्ही हर्शीला आहोत. ट्रेलर पसंत पडलाय. डीलर म्हणतोय, ही किंमत उद्या संध्याकाळपर्यंतच. डिपॉझिट भरू का?"

पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात दर सप्टेंबरला आरव्हींचं, म्हणजे आत राहता-झोपता येणाऱ्या गाड्यांचं, मोठं प्रदर्शन भरतं. मैदानभर शेकडो गाड्या उभ्या, प्रत्येकीचं दार उघडं. आत पाऊल टाकलं की सोफा, ओटा, पलंग, मुलांचे बंक (एकावर एक पलंग) सगळं मांडून ठेवलेलं. तिथे उभं राहून 'नको' म्हणणं फार अवघड असतं. मी तिला एवढंच म्हटलं, "भरू नकोस. आधी पार्किंगमध्ये जा, तुमच्या एसयूव्हीचं ड्रायव्हरचं दार उघड आणि चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो पाठव. मग त्या ट्रेलरवरच्या वजनाच्या लेबलचाही."

न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या दोन-तीन घरांत दर उन्हाळ्यात आरव्ही घ्यायचा विषय निघतो आणि बोलणं थेट किमतीवर आणि सोफ्याच्या रंगावर जातं. म्हणून बहिणीला विचारून, नावगाव गाळून, तिच्या घरची ही हकिगत सविस्तर लिहितो आहे. मी स्वतः नऊ वर्षं ट्रेलर ओढतो आहे, त्यामुळे मतं पक्की आहेत. इथे त्यातलं एक मला बदलावं लागलं.

घर आणि गरज

बहीण, मेहुणे, अकरा आणि सात वर्षांची दोन मुलं. शिवाय साताऱ्याहून तिचे सासू-सासरे दर उन्हाळ्यात पाच महिने येतात. काका ठणठणीत आहेत. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांना त्रास आहे, जिना चढताना कठडा लागतोच. तंबूत झोपणं त्यांना शक्य नाही आणि मोटेलच्या दोन खोल्यांत सहा जण विभागले की सहलीची मजा जाते. रात्री पत्ते खेळायलासुद्धा एकत्र बसता येत नाही. आरव्हीचा विचार इथून सुरू झाला होता, आणि तो विचार योग्यच होता.

घर टाउनहाउसचं. सोसायटीच्या नियमांप्रमाणे दारापुढे आरव्ही उभी करायला मनाई. घरची गाडी सात आसनी एसयूव्ही, ओढण्याची क्षमता ५,००० पौंड.

वजनाचा हिशेब

फोटो आले. ट्रेलर २८ फुटी, मागे मुलांचे बंक, पुढे मोठा पलंग. कोरडं वजन ४,७८० पौंड. डीलरने हाच आकडा दाखवून सांगितलं होतं, तुमची गाडी ५,००० ओढते, म्हणजे आरामात जमेल.

कोरडं वजन म्हणजे कारखान्यातून बाहेर पडलेल्या रिकाम्या डब्याचं वजन. त्या वजनाचा ट्रेलर रस्त्यावर कधीच नसतो. आम्ही फोनवरच बेरीज केली. ४० गॅलन पाणी, गॅलनला साधारण ८.३ पौंड, म्हणजे ३३० पौंड. गॅसची भरलेली सिलिंडरं आणि बॅटरी मिळून शंभर. सहा जणांची अंथरुणं, भांडी, कपडे, खाणं, खुर्च्या, होस, केबल हे काटकसरीने धरलं तरी ८००. एकूण ६,०१० पौंड. ट्रेलरच्या लेबलवरची कमाल मर्यादा ६,४०० होती, म्हणजे ट्रेलरच्या बाजूने सगळं नियमात. ओढणाऱ्या गाडीच्या बाजूने मात्र हजार पौंड जास्त.

दुसरा आकडा लोक पाहतच नाहीत. ट्रेलरचं पुढचं टोक हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, टेकतं आणि एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार गाडीच्या मागच्या भागावर येतो. तो त्याहून कमी ठेवला तर ट्रेलर रस्त्यावर शेपटीसारखा डुलायला लागतो, म्हणून तो कमी करून चालत नाही. इथे १२ टक्के धरले तरी ७२० पौंड, आणि एसयूव्हीच्या हिचची मर्यादा ५००. शिवाय हा भार गाडीने वाहायच्या वजनात मोजला जातो. दाराच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून १,३४० पौंड लिहिलं होतं. सहा जणांचं वजन ७४५, डिकीतलं सामान १००, हिचचा सांगाडा ८०. उरले ४१५ पौंड, आणि त्यावर टेकणार ७२०.

असा ट्रेलर सपाट रस्त्यावर ओढला जातो, म्हणून तर लोक फसतात. मागे जास्त भार टेकल्याने गाडीचं पुढचं टोक हलकं होतं, आणि उतारावर ब्रेक लावताना किंवा मोठा ट्रक शेजारून गेल्यावर स्टिअरिंग ऐकेनासं होतं. त्या गाडीत सातवीतली भाची आणि दुसरीतला भाचा बसणार होते. मी बहिणीला हेच सांगितलं. डिपॉझिट भरलं गेलं नाही.

प्रकार समजून घेताना

रविवारी मी हर्शीला गेलो. दिवसभर आम्ही एकही किंमत विचारली नाही, फक्त प्रकार पाहिले.

पहिला भेद इंजिनाचा. स्वतः चालणाऱ्या आणि ओढून न्यायच्या. चालणाऱ्यांत ए, बी, सी असे तीन वर्ग आहेत आणि ही अक्षरं आकाराच्या क्रमाने लावलेली नाहीत, त्यामुळे नव्या माणसाचा गोंधळ होतोच. ए सर्वांत मोठी, सी मधली आणि बी सर्वांत छोटी.

ए म्हणजे बसच. ट्रकच्या किंवा बसच्या सांगाड्यावर बांधलेली, समोर भिंतभर काच, लांबी पंचवीस-सव्वीस फुटांपासून ४५ फुटांपर्यंत. पेट्रोलवाल्यांचं इंजिन पुढे असतं. मोठ्या डिझेल गाड्यांचं मागे असतं, त्यांना डिझेल पुशर म्हणतात. मेहुण्यांचं मन तिथे रमलं. पण उंची बारा फुटांच्या पुढे जाते, आणि त्यांना पहिल्यांदा जायचं होतं शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात. तिथल्या स्कायलाइन ड्राइव्हवरच्या मेरीज रॉक बोगद्याची उंची १२ फूट ८ इंच आहे. छतावरच्या एसीसकट बऱ्याच ए वर्गाच्या गाड्या त्यात मावत नाहीत.

बी म्हणजे कॅम्पर व्हॅन. मर्सिडीज स्प्रिंटर, राम प्रोमास्टर, फोर्ड ट्रान्झिट अशा उंच व्हॅनच्या आतच घर केलेलं. शहरात फिरवायला, कुठेही उभी करायला सोपी. दोघांसाठी याहून छान काही नाही असं माझं मत आहे. किंमत आकाराच्या मानाने खूप, नवी घेतली तर बहुतेक लाख डॉलरच्या वर. सहा जणांच्या घराने तिच्याकडे पाहून पुढे जायचं.

सी ओळखायला सोपी. पुढे नेहमीच्या व्हॅनचं केबिन, बऱ्याचदा फोर्डच्या ई-मालिकेतलं, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला पलंगाचा कप्पा. त्या कप्प्यात मुलं चढली ती खाली यायला तयार होईनात.

ओढायच्या गाड्यांत नेहमीचा ट्रॅव्हल ट्रेलर असतो आणि फिफ्थ व्हील असतं. फिफ्थ व्हीलची जोडणी पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या वर बसते. त्यामुळे भार नीट पेलला जातो आणि ओढायला ते सर्वांत स्थिर असतं. पण पिकअप ट्रक हवाच, आणि पिकअपमध्ये सहा जणांची सोय करणं अवघड. काकूंनी ते आणखी लवकर निकालात काढलं. झोपायची खोली हौद्याच्या वर येते म्हणून आत पायऱ्या असतात. काकू पहिल्या पायरीपाशी थांबल्या. "रात्री दोनदा उठावं लागतं मला. इथून नाही उतरता यायचं." त्या वाक्याने एक अख्खा प्रकार यादीतून गेला, आणि तो मी काढू शकलो नसतो, कारण माझ्या डोक्यात फक्त वजनं होती.

कापडी भिंतींचा उघडझाप होणारा पॉप-अप हलका असतो, त्यांची एसयूव्ही तो सहज ओढू शकली असती. पण पावसात मिटला तर घरी येऊन पुन्हा उघडून वाळवावा लागतो, आणि अस्वलांच्या भागातल्या काही कॅम्पग्राउंडमध्ये कापडी भिंतींना प्रवेशच नाही. यलोस्टोनमधलं फिशिंग ब्रिज तसं आहे.

काकांनी तिथे एक प्रश्न विचारला. "प्रवासात आम्ही दोघं ट्रेलरमध्ये आडवे झालो तर?" तसं करता येत नाही. चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसं बसवू नयेत, बहुतेक राज्यांत त्याला बंदीच आहे. मोटारवाल्या आरव्हीतही धावत्या गाडीत प्रत्येकाने पट्टा लावून बसायचं असतं. पलंग सहा जणांचे असले म्हणजे पट्ट्याच्या जागाही सहा असतील असं नाही, त्या वेगळ्या मोजाव्या लागतात.

चार रात्री

त्या संध्याकाळी मेहुण्यांचा कौल सी वर्गाकडे गेला. मीही तेच म्हणालो असतो. हर्शीला सहा जणांच्या नव्या गाडीचा भाव एक लाख बारा हजार डॉलर होता. मी म्हटलं, घ्या, पण आधी तशीच भाड्याने घेऊन चार रात्री काढा, सहाही जण.

ऑक्टोबरच्या मध्यात २५ फुटी सी घेऊन ते शेनान्डोआला गेले. मार्गाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आय-९५ महामार्गाने दक्षिणेला जाताना बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांत आरव्हीएवढा प्रोपेन गॅस न्यायला बंदी आहे. पूर्वी आरव्हीवाले फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात. २६ मार्च २०२४ ला जहाज धडकून तो पूल कोसळला. आता शहराभोवतीच्या आय-६९५ वरून पश्चिमेकडून वळसा घालायचा. ते आय-७८ आणि आय-८१ ने गेले, त्यामुळे बाल्टिमोर आलंच नाही. बहिणीने निम्मी गाडी चालवली आणि ८१ वर ट्रकच्या रांगेत वारा कसा ढकलतो ते तिला कळलं.

मुक्काम बिग मेडोज कॅम्पग्राउंडला, साडेतीन हजार फुटांवर. तिथे वीज-पाण्याची जोडणी नाही, जनरेटर ठरावीक वेळेतच लावता येतो. पहिल्या रात्री हीटर चालू ठेवला. हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. पहाटे बॅटरी उतरली आणि सगळे थंडीने जागे झाले.

पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे दीडशे लिटर, सुमारे दहा बादल्या. सहा माणसं, चार दिवस. आंघोळीच्या आणि भांड्यांच्या सांडपाण्याची टाकी दुसऱ्या संध्याकाळीच भरली. संडासाची चौथ्या सकाळी. आपल्याकडे शौचाला पाणी लागतं, आणि टाक्यांचा अंदाज सांगणाऱ्या डीलरने ते धरलेलं नसतं. भरपूर पाणी गेलेलं त्या टाकीला उलट चांगलं, तळाशी काही चिकटत नाही. पण टाकी लवकर भरणार हे गृहीत धरूनच मापं पाहायला हवीत.

तिसऱ्या दिवशी काकूंनी आमटीला फोडणी दिली आणि धुराचा अलार्म वाजला. मोहरी, हिंग, लाल मिरची आणि अलार्म डोक्यापासून चार फुटांवर. नंतरचा स्वयंपाक बाहेर शेगडीवर झाला, तोच सर्वांना जास्त आवडला.

खरी अडचण वेगळीच निघाली. सकाळी काकूंना पाय मोकळे करून परत येऊन पडायचं असे. मुलांना लुरेच्या गुहा पाहायच्या होत्या. पण घर आणि गाडी एकच. लुरेला जायचं तर पलंग मिटवा, भांडी कप्प्यात कोंबा, पायरी आत घ्या आणि काकूंनाही घेऊन चला. पहिल्या उंच पायरीवर त्यांना दोघांनी हात द्यायचा. त्या दिवसात चार वेळा चढ-उतार झाली आणि रात्री गुडघा सुजला. मोठ्या मोटारहोमवाले मागे छोटी गाडी ओढून नेतात, तिला टोड म्हणतात. आणखी एक गाडी आणि तिची जोडणी हा खर्च यांच्या हिशेबात कुठेच नव्हता.

परत आल्यावर मी विचारलं, "काकू, पुन्हा जाल?" त्या म्हणाल्या, "जाईन की. पण एका जागी राहायला मिळालं तर. सकाळी चहा घेऊन झाडाखाली बसले होते ना, तेवढंच मला पुरे."

निर्णय

नंतर बहिणीने केलं ते मला सुचलं नव्हतं. तिने शाळेचं कॅलेंडर आणि दोघांच्या रजा समोर ठेवून पुढच्या वर्षाच्या रात्री मोजल्या. सव्वीस. त्यातल्या सतरा शनिवार-रविवारच्या, घरापासून अडीच तासांच्या आत. उरलेल्या नऊ एकाच लांबच्या सहलीच्या. सव्वीस रात्रींसाठी लाखभर डॉलरची गाडी, तिचा विमा आणि ती ठेवायला स्टोरेज यार्डचे महिन्याला १४० डॉलर.

मी आधी वाद घातला. मला फिरण्याची आवड आहे आणि आरव्ही म्हणजे चाकं असं माझ्या मनात पक्कं बसलेलं. तिचं म्हणणं होतं की ईशान्येकडच्या पुष्कळ कॅम्पग्राउंडमध्ये हंगामाची जागा भाड्याने मिळते. मेच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरपर्यंत ट्रेलर तिथेच उभा, वीज, पाणी आणि मलनिस्सारणाची जोडणी कायमची. आई-बाबांना आठवडाभर राहायचं तर राहतील, आम्ही शुक्रवारी जाऊ. ट्रेलर तिथे डीलर ओढून पोचवेल. लांबच्या सहलीला सी वर्गाची गाडी भाड्याने घेऊ. कागदावर आकडे मांडल्यावर माझ्याकडे उत्तर राहिलं नाही.

इथे प्रकार निवडायची कसोटीच बदलली. घरच्या गाडीने ओढायचा नाही म्हटल्यावर वजनाची अट गेली. लांबी, स्लाइड-आउट (उभ्या ट्रेलरची भिंत बाहेर सरकवून जागा वाढवायची सोय), पलंगाभोवती फिरायला जागा यांना महत्त्व आलं. एका जागी ठेवायची पार्क मॉडेलंही पाहिली. ती चारशे चौरस फुटांपर्यंतची छोटी घरंच असतात, पण पुढे जागा बदलायची झाली तर हलवणं कठीण. ठरलं ते ३० फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, आतून एकसपाट, कुठेही पायरी नाही. हर्शीला सोडून दिलेला ट्रेलर मुळात वाईट नव्हता. त्याला ओढणारी गाडी यांच्याकडे नव्हती, एवढंच.

जुनाच घ्यायचा होता. मात्र त्या कॅम्पग्राउंडला दहा वर्षांपेक्षा जुना ट्रेलर चालत नव्हता, बऱ्याच ठिकाणी असा नियम असतो. फेब्रुवारीत पाहिलेला पहिला ट्रेलर बाहेरून लखलखीत होता. पुढच्या कोपऱ्यात भिंतीवर तळहात फिरवला तर पत्रा फुगलेला आणि आतून मऊ. छताच्या सांध्यातून पाणी शिरून थर सुटले होते. असा ट्रेलर स्वस्तातही घेऊ नये, कारण आतली लाकडी चौकट कुजलेली असते आणि ते दुरुस्तीला घेतल्याशिवाय दिसत नाही. दुसऱ्यासाठी स्वतंत्र तपासनीस नेला. त्याने ओलाव्याचं मीटर फिरवलं, स्लाइड-आउटजवळची जमीन पायाने दाबून पाहिली, छतावर चढून सांधे पाहिले. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवले. पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. सहा वर्षांपूर्वीचे टायर निघाले. नक्षी शाबूत असली तरी ते बदलायचे म्हणून किमतीतून तेवढे कमी करून घेतले. २०१९ चा ट्रेलर १९,५०० डॉलरला मिळाला.

विजेचा एक धडा मेमध्ये मिळाला. जोडणी ३० अँपिअरची, म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॉट. एसी सुमारे १,५००, पाणी तापवायचा विजेचा हीटर १,४००, त्यात इंडक्शन शेगडी १,८०० ला लावली की बेरीज ४,७००. पहिल्याच संध्याकाळी ब्रेकर पडला. आता पाणी गॅसवर तापतं, इंडक्शन चालू असताना हीटरचं बटण बंद. बहिणीने ओट्याच्या वर तशी चिठ्ठी चिकटवली आहे, मराठीत, काकांसाठी.

हंगामाचे ४,२०० डॉलर आणि वीज मीटरप्रमाणे. ऑक्टोबरमध्ये थंडीच्या आधी पाइपांतलं पाणी काढून त्यांत गुलाबी अँटिफ्रीझ (न गोठणारं द्रव) भरायचं, ते काम मी शिकवायचं कबूल केलं आहे.

मेहुण्यांनी दारापुढे लाकडी चौथरा केला. जमिनीपासून सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा, वर दारापाशी सपाट जागा. जूनमध्ये काकू आल्या, कठडा धरून एकट्या आत गेल्या, दोन मिनिटांत चहाचं आधण ठेवून एकट्याच बाहेर आल्या.

पुढच्या उन्हाळ्यात चौघांना ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान पाहायचं आहे. परवा बहिणीचा फोन आला, गाडी अजून बुक केलेली नव्हती. तिथल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगरातल्या टप्प्यावर बंपरसकट २१ फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही, आरशांसकट रुंदी आठ फुटांपर्यंतच, आणि दहा फुटांवर उंच गाड्यांना बाहेर आलेल्या खडकांची अडचण होते. हे तिनेच मला वाचून दाखवलं. सी वर्गाची छोटी गाडीही बहुधा उंचीला दहा फुटांच्या वर जाते. म्हणून ती कॅम्पग्राउंडला उभी राहणार, आणि त्या रस्त्यासाठी दोन दिवस साधी कार भाड्याने घ्यायची असं ठरलं आहे.